कागजीपुऱ्याच्या वाटेवर : हातकागद, अक्षर आणि क्षमापना

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालेला यात्रेकरू साधारण ३० किलोमीटरच्या वाटेत दौलताबादच्या किल्ल्याकडे मान उंचावून पाहतो, खुलताबाद ओलांडतो आणि लेण्यांपाशी उतरतो. आपल्या समाजातील कुटुंबे तेथून नेमकी उत्तर टोकाकडे वळतात. क्रमांक ३० ते ३४ ही जैन लेणी कैलास लेण्यापासून एक किलोमीटरहून अधिक दूर आहेत, आणि त्यामुळेच तेथे गर्दी विरळ असते. इंद्रसभेतील ध्यानस्थ तीर्थंकर, नागफण्याखालील पार्श्वनाथ आणि अंगावर वेली चढलेले बाहुबली यांच्यासमोर मन आपोआप शांत होते. परंतु या वाटेवर आणखी एक थांबा आहे, आणि व्यापारी कुटुंबांनी तो चुकवू नये. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान वसलेले ते गाव म्हणजे कागजीपुरा.

गावाचे नावच त्याचा व्यवसाय सांगते. महंमद तुघलकाने इ. स. १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा त्याच्या लवाजम्यासोबत कागद बनविणारे कारागीर येथे आले, अशी परंपरा आहे. त्या कारागिरांना कागजी म्हणत. दौलताबादी कागद पुढे दख्खनभर नावाजला गेला. जुन्नरच्या कागदाप्रमाणेच दफ्तरांत आणि पेढ्यांवर त्याला मान होता. आपल्या पूर्वजांनी लाल कापडाच्या बांधणीच्या ज्या वह्यांत जमाखर्च लिहिला, त्या वह्या अशाच हातकागदाच्या असत. वही टिकली म्हणून हिशेब टिकला आणि हिशेब टिकला म्हणून पत टिकली. त्या अर्थाने आपल्या पेढीचा एक धागा या कारागिरांच्या हौदापर्यंत पोहोचतो.

जुन्या पद्धतीत कागदासाठी झाड तोडावे लागत नसे. सुती चिंध्या, तागाचे जुने दोर, फाटकी पोती हाच कच्चा माल. तो चुनखडीच्या पाण्यात भिजवून, कुटून, वारंवार धुऊन त्याचा मऊ लगदा करीत आणि पाण्याच्या हौदात कालवीत. लाकडी चौकटीवर गवताच्या काड्यांची विणलेली चटई ठेवून ती हौदात बुडवायची आणि आडवी उचलायची. पाणी गळून जाते आणि तंतूंचा पातळ थर वर उरतो. या एका हालचालीत कारागिराचे सारे कसब असते. हात किंचित कलला तरी कागद एका बाजूला जाड होतो. मग ओले ताव एकावर एक रचून दाबायचे, भिंतीवर चिकटवून वाळवायचे, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत अकीक दगडाने घोटायचे.

यातील खळीची गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. कागदावर शाई पसरू नये म्हणून त्याला लेप द्यावा लागतो. युरोपात तो जनावरांच्या कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचा असे, आणि आजही चित्रकलेच्या काही महागड्या कागदांना तोच लेप असतो. भारतीय कागज्यांची खळ मात्र प्रामुख्याने तांदळाची किंवा गव्हाची. भेटवस्तूसाठी कागद घेताना दुकानदाराला हा प्रश्न अवश्य विचारावा. ब्रशांचेही तसेच, प्राण्यांच्या केसांऐवजी नायलॉनचा ब्रश मिळतो आणि अक्षरांसाठी तर साधा बोरू पुरतो.

कागदाशी आपले नाते केवळ वहीपुरते नाही. साधारण चौदाव्या शतकापासून आपल्या ज्ञानभांडारांत ताडपत्राची जागा कागद घेऊ लागला. ताडपत्रे ओवण्यासाठी मध्ये भोक असे. कागदावर त्या भोकाची गरज उरली नाही, तरीही लेखकांनी पानाचा लांबट आकार राखला आणि मधोमध रिकामी जागा सोडून तेथे लाल टिळा किंवा नक्षी काढली. काळी शाई मजकुराला, हिंगुळाची लाल शाई महत्त्वाच्या खुणांना आणि पिवळा हरताळ चुकलेल्या अक्षरावर लावायला. आपण मराठीत ‘हरताळ फासणे’ म्हणतो, त्याचे मूळ याच पोथ्यांच्या पानांवर आहे. श्वेतांबर परंपरेतील कार्तिक शुद्ध ज्ञानपंचमी आणि दिगंबर परंपरेतील ज्येष्ठ शुद्ध श्रुतपंचमी या दोन्ही दिवशी आपण ग्रंथांची पूजा करतो. ती कागद, अक्षर आणि ते लिहिणारा हात या तिघांचीही पूजा आहे.

पत्राचीही आपल्याकडे थोर परंपरा आहे. पर्युषणानंतर क्षमा मागण्यासाठी आणि पुढील चातुर्मासाची विनंती करण्यासाठी संघ आचार्य महाराजांना विज्ञप्तिपत्रे पाठवीत. ती हातभर नव्हे, कित्येक हात लांब असत आणि चित्रांनी सजविलेली असत. आग्र्याच्या संघाने इ. स. १६१० मध्ये विजयसेन सूरींना पाठविलेले, चित्रकार शालिवाहनाने रंगविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पत्र लिहायला आणि पोहोचायला वेळ लागे, आणि तो वेळ देणे हाच आदर होता.

आज संवत्सरीच्या किंवा क्षमावाणीच्या दिवशी एका क्षणात पाचशे जणांना ‘मिच्छामि दुक्कडं’ जाते. त्या पाचशेंत बहुधा ज्यांच्याशी आपले काही बिघडलेलेच नाही असेच लोक असतात. ज्या भावाशी दुकानाच्या वाटणीवरून बोलणे तुटले, ज्या भागीदाराशी हिशेबावरून कटुता आली, त्याचे नाव त्या यादीत असले तरी त्यालाही ठाऊक असते की हा निरोप सर्वांना गेला आहे. हाताने बनविलेल्या कागदावर हाताने लिहिलेली पत्रे एका ऋतूत फार तर दहा-बारा होतात. म्हणूनच ती कोणाला लिहायची याचा विचार करावा लागतो, आणि क्षमापनेचा आरंभ त्या विचारातच आहे.

हे काम घरीही सहज होते आणि मुलांना व वडीलधाऱ्यांना एकत्र बसविते. एक सावधगिरी मात्र घ्यावी. तीर्थंकरांची चित्रे किंवा सूत्रे छापलेल्या पत्रिका लगद्यासाठी कधीही फाडू नयेत. अक्षर असलेला कोणताही कागद फाडणे ही ज्ञानाची आशातना, असे अनेक घरांत मानतात. तेथे दुकानातील कोऱ्या कात्रणांचा आणि सुती कपड्याच्या तुकड्यांचाच उपयोग करावा. पत्रिकांविषयी आपल्या महाराजसाहेबांना विचारून घ्यावे.

कोरी कात्रणे बोटाच्या पेराएवढी करून सकाळी गाळलेल्या कोमट पाण्यात भिजवावी. दुपारी ती भरपूर पाणी घालून मिक्सरमधून थोडी थोडी फिरवावी. सुती कापड घातल्यास त्याचे अगदी बारीक तुकडे करून आधी उकळून घ्यावेत आणि त्यांचे प्रमाण थोडेच ठेवावे. जुन्या फोटोच्या चौकटीवर नायलॉनची बारीक जाळी ताणून बसविली की साचा तयार. टबातील पातळ लगद्यात तो बुडवून आडवा उचलावा, पाणी निथळू द्यावे आणि ओल्या सुती कापडावर उलटा करून कागद अलगद सोडवावा. वर दुसरे कापड ठेवून पाटाने दाबावे आणि उन्हात वाळवावे. लगदा रात्रभर साठवू नये. त्यात जीवोत्पत्तीचा संभव असतो आणि वासही येतो. उरलेले पाणी झाडांना घालावे. वाळलेल्या तावावर तांदळाची पातळ पेज हलक्या हाताने लावून पुन्हा वाळवावी आणि स्टीलच्या वाटीच्या पाठीने घोटावे. बोरू त्यावर सुरळीत चालतो.

अक्षराला घाई चालत नाही. देवनागरी अक्षर शिरोरेषेखाली लोंबते, म्हणून आधी पेन्सिलीने वरची रेघ आखावी. अक्षराची उंची बोरूच्या टोकाच्या सुमारे पाचपट ठेवावी आणि बोरूचा कोन अखेरपर्यंत बदलू नये. ‘मिच्छामि दुक्कडं’ या दोन शब्दांत ‘च्छ’ आणि ‘क्क’ ही दोन जोडाक्षरे आहेत; ती आधी साध्या कागदावर वीस-पंचवीस वेळा गिरवावीत. जोडाक्षर गिरविताना श्वास संथ होतो, दुकानातील उधारी-उसनवारीचे विचार काही काळ मागे पडतात. ज्यांना दिवसभराच्या व्यवहारानंतर रात्री झोप येत नाही, अशांनी अर्धा तास हा प्रयोग करून पाहावा.

वेळेचे गणितही सांगून ठेवतो. पर्युषण ऐन पावसाळ्यात येते आणि त्या दिवसांत कागद वाळत नाही. म्हणून ताव उन्हाळ्याच्या सुट्टीत करून ठेवावेत, आषाढात कित्ता गिरवावा आणि श्रावणात पत्रे लिहावीत. वेरूळची यात्राही सुट्टीतच होते. लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढे पाहून निघावे. परतताना कागजीपुऱ्यात थांबून दहा-बारा ताव विकत घ्यावेत. भाव करताना थोडा हात सैल सोडावा; कारागिराच्या कष्टाचे मोल व्यापाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

आणि ते ताव घरी आल्यावर पहिला ताव कोणाच्या नावाने बाजूला ठेवायचा, हे प्रत्येकाने ज्याचे त्याने ठरवावे. बहुधा ते नाव आपल्याला आधीच ठाऊक असते.

जय जिनेंद्र.