छातीतला आवाज

मुलांनो, डॉक्टर छातीला नळी लावून काय ऐकतात, हा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? मला त्याचे उत्तर बी.एड.च्या पुस्तकांत मिळाले नाही. ते वर्गातच मिळाले.

आठवीत माझा एक विद्यार्थी होता. कवायतीच्या तासाला मैदानाच्या दोन फेऱ्यांतच तो धापा टाकू लागे आणि कट्ट्यावर जाऊन बसे. एकदा मी त्याला सर्वांसमोर "आळशी" म्हणालो. तो मान खाली घालून उभा राहिला.

पुढे शाळेत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टर एकेका मुलाच्या छातीला नळी लावून त्याला पुढे पाठवत होते. या मुलापाशी मात्र ते थांबले. "सर, जरा पंखा बंद करा," ते म्हणाले. त्याला बाकावर डाव्या कुशीवर निजवून ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी नळी माझ्या कानांत घातली.

आपल्या हृदयात चार झडपा असतात. त्या दारांसारख्या मिटतात, त्याचाच 'लब्-डब्' असा आवाज येतो. मला आधी तेवढेच ऐकू आले. "डब्‌नंतर लक्ष द्या," डॉक्टर म्हणाले. तेव्हा दूरवर गाडी धडधडत जावी तशी बारीक घरघर कळली. एक झडप पुरती उघडत नव्हती. अरुंद वाटेतून रक्त घुसत होते. (घाबरू नका, पुष्कळ निरोगी मुलांच्या छातीतही हलका आवाज असतो. म्हणूनच पुढे यंत्राने तपासून खात्री करतात.)

ही नळी १८१६ साली पॅरिसच्या लेनेक या डॉक्टरांना सुचली. एका तरुणीच्या छातीला कान लावायला त्यांना संकोच वाटला, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली!

मुलाच्या अम्मीला आठवले, दुसरीत असताना त्याचा घसा दुखला होता, मग ताप येऊन गुडघे सुजले होते. घरी हळदीचे दूध दिले, बरे वाटले. पण घशातल्या काही जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच झडपांना इजा करते. घसा दुखताच वेळीच औषध मिळाले, तर बहुधा हे टळते.

आता त्याला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. मी त्याची माफी मागितली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "सर, मलाही वाटायचं, मी आळशीच आहे."