डोंगर उजव्या हाताला

पॅराग्लायडिंग करणाऱ्यांना ‘पायलट’ म्हणतात, हे सांगितलं की लोक हसतात. ना कॉकपिट, ना इंजिन, ना टोपी. पाठीवर पंधरा-वीस किलोचं गाठोडं घेऊन डोंगर चढायचा, कापड पसरायचं आणि वारा बरा असेल तर उताराच्या दिशेनं पळत सुटायचं. यात कसला आलाय पायलट? पण शब्द तोच आहे, आणि नेमका आहे. एकदा पाय सुटले की पुढचे सगळे निर्णय एकट्यानेच घ्यायचे असतात.

आम्ही कामशेतला उडतो. पाऊस संपला की हंगाम सुरू होतो आणि मेअखेरपर्यंत चालतो. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना सगळ्यात मोठा प्रश्न असतो तो वाऱ्याचा. दीड-दोन तास प्रवास करून यायचं आणि वर जाऊन कळायचं की आज फक्त फोटो काढून परत जायचंय. म्हणून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. जो आधी डोंगरावर पोचेल त्याने हातातल्या मीटरवर वारा मोजायचा आणि लिहायचं : ‘१८, झोत २२, दिशा बरोबर.’ आकडे ताशी किलोमीटरचे. बस, एवढंच काम. पुढे अर्थातच त्यात वाढदिवस आले, मीम आले, जुन्या हार्नेसच्या जाहिराती आल्या. आणि तो आला.

त्याचं नाव सांगत नाही. आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या तीन पायलटांपैकी तो एक, यात वाद नाही. जिथं आम्हाला दहा मिनिटांत खाली यावं लागतं तिथं तो तासभर तरंगत राहतो. एका नवख्याचा ग्लायडर झाडात अडकला तेव्हा बाकीचे दोरी शोधत होते आणि हा अनवाणी झाडावर चढून एकेक दोर सोडवत बसला होता. हे सगळं खरं आहे, आणि अडचण इथूनच सुरू होते.

वारा २५ आणि झोत ३२ असताना तो ग्रुपवर लिहायचा, ‘झकास! निघा रे सगळे!’ त्याच्यासाठी ते झकास असेलही. पण ज्याची जेमतेम वीस उड्डाणं झालीत तो हे वाचून हिंजवडीहून बाइक काढतो. वर येईपर्यंत त्याच्या अंगात उडायचं भूत शिरलेलं असतं आणि सकाळपासून केलेला प्रवास त्याला मागे फिरू देत नाही. कुणी ‘आज नको’ म्हटलं की याचं उत्तर ठरलेलं : ‘मग वरणभात खाऊन झोपा.’ त्यावर पंधरा-वीस हसऱ्या इमोजी. चांगल्या पायलटच्या विनोदाला जास्त हसतात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

मग फेब्रुवारीतली ती दुपार. डोंगराला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्याचा एक अरुंद पट्टा असतो, त्यातच सगळे येरझाऱ्या घालतात. समोरासमोर दोन ग्लायडर आले तर नियम जगभर एकच आहे : ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याने सरळ जायचं, दुसऱ्याने दरीकडे सरकायचं. कारण साधं आहे. समोर कुणी आलं की उजवीकडे वळायचं, ही हवेतली सवय. आणि ज्याच्या उजवीकडेच डोंगर आहे तो वळणार कुठे? आमच्यातली एक मुलगी, हंगाम दुसराच, डोंगर उजवीकडे ठेवून शांतपणे येत होती. तो समोरून आला आणि सरकला नाही. प्रत्येकाचा वेग ताशी ३५ धरला तरी दोघं ७० किलोमीटरच्या वेगानं एकमेकांकडे येत असतात. शंभर मीटरचं अंतर पाच सेकंदांत संपतं. त्यातल्या चौथ्या सेकंदाला कधीतरी तिने डावीकडे, दरीकडे कापलं. पट्ट्यातून बाहेर पडली, उंची गेली, खाली एका शेतात उतरली. तिला लागलं नाही. ग्लायडर गुंडाळताना हात थरथरत होते, असं तिला आणायला गेलेल्या मित्राने सांगितलं.

रात्री त्याने हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ ग्रुपवर टाकला. तिचा चेहरा ओळखू येत होता, इतक्या जवळून. खाली लिहिलं होतं, ‘नवीन लोकांनी आरशात बघून यावं.’

आम्ही तिघे ॲडमिन. व्हिडिओ लगेच काढला आणि त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘आता तुम्ही मला उडायला शिकवणार?’ त्यानंतरचे चार दिवस ग्रुपवर जे चाललं ते सगळं सांगत नाही. सारांश असा की निम्मे म्हणत होते काढून टाका, निम्मे म्हणत होते हवेत असं होतंच.

काढून टाकणं सोपं आहे. नावावर बोट दाबून धरायचं, रिमूव्ह. गाण्याच्या किंवा पुस्तकांच्या ग्रुपमधून माणूस काढला की तो खरोखर गेलेला असतो. इथं तसं होत नाही. ग्रुपमधून काढलेला माणूस रविवारी त्याच डोंगरावर, त्याच पट्ट्यात, तुमच्या डोक्यावर वीस मीटरवर असतो. फरक एवढाच की आता त्याला तुमचे निरोप मिळत नाहीत. वर त्याच्यामागून तीसेक जण जाऊन दुसरा ग्रुप काढणार. एका डोंगरावर दोन ग्रुप, दोन वारे.

या गोंधळात आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांनी एक जुनं प्रकरण सांगितलं. वैमानिकांच्या प्रशिक्षणात ते आजही शिकवतात. अमेरिकेच्या हवाई दलाचा वॉशिंग्टन राज्यातला फेअरचाइल्ड तळ. तिथं बड हॉलंड नावाचा लेफ्टनंट कर्नल बी-५२ हे प्रचंड बॉम्बर विमान उडवायचा. अतिशय निष्णात. बाकीचे पायलट ठरलेल्या पद्धतीनं उडतात की नाही हे तपासणाऱ्या विभागाचा तो प्रमुख होता, आणि स्वतः वर्षानुवर्षं नियम मोडत होता. प्रत्येक वेळी तोंडी समज. कागदावर काही नाही. वरिष्ठ बदलत गेले आणि नव्या साहेबाला प्रत्येक प्रकार पहिलाच वाटत गेला.

मार्च १९९४ मध्ये, किमान ५०० फुटांची मर्यादा असलेल्या भागात, त्याने विमान एका डोंगरकड्यावरून सुमारे ३० फुटांवरून नेलं. सहवैमानिकाने कंट्रोल धरून ते वर खेचायचा प्रयत्न केला, बाकीचे ‘वर घे, वर घे’ म्हणून ओरडत होते आणि हॉलंड हसत होता. त्यानंतर त्या सगळ्यांनी सांगितलं, या माणसाबरोबर आम्ही पुन्हा उडणार नाही. त्यांचा स्क्वॉड्रन कमांडर मार्क मॅकगीहान वर गेला आणि हॉलंडचं उड्डाण थांबवा म्हणाला. वरिष्ठाने हॉलंडला पुन्हा तोंडीच झापलं आणि उडू दिलं. मग मॅकगीहानने ठरवलं की यापुढे हॉलंडच्या शेजारी आपल्या मुलांपैकी कुणी बसणार नाही. सहवैमानिक म्हणून मी स्वतः बसेन.

२४ जून १९९४ला एअर शोच्या सरावात हॉलंडने कंट्रोल टॉवरभोवती अगदी खालून तीव्र वळण घेतलं. विमान जवळजवळ उभं आडवं झालं आणि कोसळलं. चौघे गेले. त्यात मॅकगीहान होता. त्याच्या पत्नीने आणि दोन धाकट्या मुलांनी ते घराच्या मागच्या अंगणातून पाहिलं. ज्या वरिष्ठाने थांबवलं नाही त्याच्यावर पुढे कोर्ट मार्शल झालं. त्याचा काही महिन्यांचा थोडा पगार कापला.

काकांनी एवढं सांगून चहा प्यायला. मला त्यातला हॉलंड फारसा छळत नाही, तसे लोक असतातच. छळतो तो मॅकगीहान. ज्याचं डोकं ठिकाणावर होतं, त्याच्या हातात शेवटी एकच उपाय उरला : स्वतः शेजारी जाऊन बसणं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. वाऱ्याच्या निरोपांचा वेगळा ग्रुप काढला. तिथं फक्त आकडे लिहायचे, विशेषणं नाहीत, इमोजी नाहीत. त्यात सगळे, तोसुद्धा. गप्पांच्या ग्रुपमधून मात्र त्याला काढलं. आणि त्याला एक पत्र लिहिलं, तिघांच्या सह्यांचं : तारीख, वेळ, कुणाच्या कुठल्या हाताला डोंगर होता, कुणी सरकायला हवं होतं. ‘बेजबाबदार’ हा शब्द मी लिहिला होता, काकांनी खोडायला लावला. शेवटी एक ओळ : पुन्हा असं झालं तर तुम्ही हवेत असताना आम्ही उतरू.

त्याचं उत्तर आलं, ‘हे ब्लॅकमेल आहे.’ होतंच, म्हणा.

मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी त्याने परीक्षा पाहिली. एका शिकाऊ मुलाच्या ग्लायडरवरून पाय घासतील इतक्या जवळून गेला. काकांनी काही न बोलता मोहरा बाहेर वळवला आणि खाली निघाले. मागोमाग दुसरा, तिसरा. दहा मिनिटांत सात ग्लायडर शेतात उतरले. वारा सुरेख होता, संध्याकाळपर्यंत टिकला असता. म्हशी घेऊन आलेल्या एका पोराने विचारलं, ‘वारा पडला का ओ?’ नाही म्हटलं. तो बराच वेळ वर बघत उभा राहिला. एवढ्या मोठ्या डोंगरावर एकच ग्लायडर.

तो चाळीसेक मिनिटं उडला. मग शेताच्या दुसऱ्या टोकाला उतरला, गाठोडं बांधलं आणि बाइकवरून निघून गेला. मुंबईहून लोकल बदलून आलेले दोघे आमच्यावर भयंकर चिडले. एका माणसासाठी आमची दुपार का घालवली, असं त्यांचं म्हणणं. त्यांना देण्यासारखं चांगलं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, अजूनही नाही.

ती एप्रिलमध्ये पुन्हा उडू लागली. त्याने तिची माफी मागितलेली नाही आणि मागेल असं वाटत नाही. आमच्याबद्दल त्याचं मत काय आहे ते इतरांकडून कळतं. फार चांगलं नाही. शनिवार-रविवारी तो हल्ली कमी दिसतो. आला तर दरीकडून जातो.

मेच्या पहिल्या आठवड्यात वाऱ्याच्या ग्रुपवर त्याचा निरोप आला : ‘२४, झोत ३१.’ पुढे काही नाही. मी तेव्हा वडगावपर्यंत पोचलो होतो. गाडी वळवली.