सरमेचा प्रश्न

महाभारत शेवटाकडे येते तेव्हा तिथे एक कुत्रा असतो, हे आम्ही दोघांनीही वर्गात अनेकदा सांगितले आहे. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चौघे भाऊ एकामागून एक कोसळतात. युधिष्ठिराच्या सोबतीला उरतो तो केवळ कुत्रा, आणि त्याला टाकून स्वर्गात जाण्यास धर्मराज नकार देतो. आमच्याच जिल्ह्यात रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्याचे स्मारक आहे. त्याच्या ऐतिहासिकतेचा वाद मिटलेला नसला, तरी लोकमानसाने वाघ्याला ज्या गुणासाठी उचलून धरले तो गुणही हाच. ‘निष्ठा’ हा शब्द फळ्यावर लिहायचा आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, अशी आमची रीत होती. हिमालयाचे खडक तुडवत गेलेल्या त्या कुत्र्याच्या पायांचे काय झाले असेल, हा प्रश्न वीस वर्षांच्या अध्यापनात आम्हाला पडला नाही. एकाही विद्यार्थ्याने तो विचारला नाही.

तो पडला अलिबागच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत उमटलेला एक लाल ठसा पाहून.

आमच्या घरी तांब्या नावाचा गावठी कुत्रा आहे. रंग तांब्याचा म्हणून नाव तांब्या. धावणे हाच त्याचा धर्म. रविवारी सकाळी ओहोटी असली की आम्ही त्याला घेऊन कुलाबा किल्ल्याच्या दिशेने चालत जातो. १६८० साली शिवाजी महाराजांनी ज्याचे काम सुरू केले तो हा किल्ला. चुन्याशिवाय एकावर एक रचलेले त्याचे चिरे आजही लाटा झेलत उभे आहेत. त्या दिवशी आम्ही त्या बांधणीबद्दलच बोलत होतो आणि बोलता बोलता तांब्यासाठी चेंडू फेकत होतो. तो खडकांकडे जातो आहे, याकडे आमचे लक्ष नव्हते. त्या खडकांवर कालवं असतात. कालवाचे वरचे कवच निघाले, तरी खालचे खडकाला घट्ट चिकटून राहते आणि त्याची कड पात्यासारखी धारदार असते.

तांब्या चेंडू घेऊन परत आला, पुन्हा धावला, पुन्हा आला. ना ओरडला, ना लंगडला. परतीच्या वाटेवर आमच्यापैकी एकाने सहज मागे वळून पाहिले, तेव्हा वाळूत त्याच्या तीन पायांचे ठसे वाळूच्याच रंगाचे होते आणि चौथा, पुढच्या उजव्या पायाचा, लाल होता.

त्यानंतरचे सारे चुकले ते आमचे. घरी आणून जखमेवर चिमूटभर हळद दाबली, जुन्या धोतराची चिंधी करकचून बांधली आणि पाणी लागू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी चढवली. दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका तपासण्याचे काम होते. आम्ही दोघेही महाविद्यालयात गेलो. संध्याकाळी तांब्या दाराशी आला, शेपूट हलवली, आणि आम्ही समाधान मानले. रात्री तो पाय चाटत बसला तेव्हा घरातली वेदनाशामक गोळी अर्धी करून द्यावी, असाही विचार झाला. कशी कोण जाणे, ती दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पंजा सुजून दुप्पट झाला होता. हात लावताच, ज्याने आमच्यावर कधी गुरगुरही केली नव्हती, त्याने दात दाखवले.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रथम त्याचे तोंड सुती पट्टीने हळुवार बांधले. वेदनेतला कुत्रा घरच्यांनाही चावतो. त्यात त्याचा अपराध नसतो, असे ते म्हणाले. मग चिंधी कापली. दोन बोटांमधल्या कातडीत कालवाच्या कवचाचा नखाएवढा तुकडा रुतून बसला होता आणि भोवती पू झाला होता. आम्ही हळद नेमकी त्याच्यावर दाबली होती.

जखम धुताना ते आम्हाला समजावत होते आणि आम्ही मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यांसारखे ऐकत होतो. पंजाच्या गादीची कातडी जाड आणि खरखरीत असते. तिच्याखाली चरबीचा थर असतो, तो धक्के झेलतो. रक्तवाहिन्या पुष्कळ, म्हणून रक्त भरपूर वाहते. उभ्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. प्रत्येक पावलाला गादी पसरते आणि जखमेच्या कडा ताणल्या जातात, म्हणून तिथले टाके सहज उसवतात. आधी स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवायचे, बोटांच्या फटी उघडून पाहायच्या, स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटे न उचलता दाबून धरायचे. काही खोल रुतले असेल किंवा मासेमारीचा गळ अडकला असेल, तर ओढाताण न करता दवाखाना गाठायचा. पट्टी बांधताना बोटांमध्ये कापूस ठेवायचा आणि मधल्या दोन बोटांची नखे बाहेर दिसू द्यायची. ती एकमेकांपासून फाकली किंवा बोटे थंड लागली, तर पट्टी घट्ट झाली असे समजायचे. पिशवी फक्त बाहेर नेताना चढवायची, कारण कुत्र्याला पंजांनाही घाम येतो आणि ओलाव्यात जखम चिघळते. पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात, ते वेगळेच. आयब्युप्रोफेनसारख्या माणसांच्या गोळ्या तर कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक.

“पण तो लंगडला नाही हो,” आम्ही म्हणालो. ते आमचे समर्थन होते.

“धावणारा कुत्रा धावायचा थांबत नाही. तुम्ही पाहायचं असतं,” डॉक्टर म्हणाले.

पुढचे तीन आठवडे औषधोपचारापेक्षा विश्रांती देणे कठीण गेले. गळ्यात प्लास्टिकची रुंद कॉलर, जेमतेम अंगणापुरती दोरी, आणि दाराशी बसून समुद्राच्या दिशेने वास घेणारा तांब्या. दहाव्या दिवशी दोरी निसटली, तो फाटकापर्यंत धावला आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडली. त्या रात्री आम्ही आळीपाळीने त्याच्याजवळ बसलो. त्याला बांधून ठेवणे ही माया की सक्ती, यावर आमचा वाद झाला; पण दोरी मात्र आम्ही सोडली नाही.

त्याच जागरणात आदिपर्वातली सरमा आठवली. महाभारताच्या आरंभापाशीही एक कुत्रा आहे, हे आम्ही पार विसरलो होतो. जनमेजयाच्या सत्रात देवशुनी सरमेचा पुत्र येतो. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो आणि सरमा पहिल्यांदा विचारते, का रडतोस, तुला कोणी मारले? आपण हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, असे तो सांगतो. ती तडक सत्रस्थानी जाऊन जाब विचारते. कोणीही काही उत्तर देत नाही, आणि मग ती शाप देते.

शेवटचा कुत्रा आम्ही शिकवला, कारण तो माणसाची थोरवी सांगतो. पहिला गाळला, कारण तो माणसाला प्रश्न विचारतो. त्यातही सरमेचा पुत्र रडून सांगू तरी शकला. तांब्याने काहीच सांगितले नाही आणि त्या मौनाला आम्ही सोयीस्करपणे निष्ठा समजलो.

तांब्याचा पंजा बरा झाला. गादीवर एक फिकट रेघ राहिली आहे. आता आम्ही कालवांच्या खडकांच्या बाजूला चेंडू फेकत नाही. उन्हाळ्यात हाताची पालथी बाजू वाळूवर ठेवून पाहतो. पाच-सात सेकंद सोसवली नाही, तर त्याला वाळूवर नेत नाही. आणि रोज संध्याकाळी ओसरीवर बसून त्याचे चारही पाय हातात घेतो, फटी उघडून पाहतो. सुरूचे वाळके काटकूळ, नायलॉनच्या जाळ्याचा धागा, एखादी काच, काही ना काही सापडते. पहिल्यांदा पाय ओढून घेणारा तांब्या आता एकेक पाय आपणहून पुढे करतो.

किनाऱ्यावर बिनमालकाची कुत्रीही आहेत. त्यांतले एखादे तीन पायांवर चालताना दिसते आणि जवळ गेले की पळून जाते. त्याला कोणी विचारायचे, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. यंदा आदिपर्व शिकवताना मात्र आम्ही सरमेपाशी थांबणार आहोत.