आमचा शिंजीर

माझ्या कादंबरीची नायिका कोकणातल्या आपल्या परसात, जास्वंदीच्या फुलावर, हमिंगबर्ड पाहते आणि तिला माहेर आठवते. हा परिच्छेद माझा मोठा लाडका. एकाही टीकाकाराने त्याला नावे ठेवली नाहीत. (त्यांनी कादंबरीच वाचली नव्हती, ही गोष्ट निराळी!) नावे ठेवली ती माझ्याच सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने.

"गुरुजी, हमिंगबर्ड आपल्याकडे नसतोच. तो फक्त अमेरिकेकडचा. तुमचा तो शिंजीर असणार."

वर्ग हसला. "बस खाली!" मी खेकसलो. त्यानंतर आठवडाभर त्या पोरीचा हात वर आला नाही.

तो न आलेला हात मला टोचू लागला. शेवटी मी पुस्तके उघडली. पोरगी बरोबर होती. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात दिसणारा लालकंठी हमिंगबर्ड वजनाने जेमतेम ३ ग्रॅम. पण सेकंदाला ५० च्या आसपास पंख हलवतो, फुलासमोर हवेत स्थिर राहतो, मागेही उडतो. थंडीच्या आधी यांतले कित्येक पक्षी मेक्सिकोचे आखात, सुमारे ८०० किलोमीटर, एका दमात ओलांडतात. आमचा जांभळा शिंजीर वजनाने त्याच्या दुप्पट तरी असेल. तोही क्षणभर हवेत तरंगतो. पण एरवी फांदी धरून, मान वाकडी करून, निवांत मध पितो. शिवाय तो गातो!

गंमत पुढेच आहे. या दोघांत नाते नाही. शिंजिराचे गोत चिमणी-कावळ्यांचे, तर हमिंगबर्डाच्या जवळच्या आप्त म्हणजे देवळाच्या सभामंडपात घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या. फुलाच्या तळाचा मध काढायचा, या एकाच उद्योगाने दोन परक्या घराण्यांना लांब चोच आणि लांब जीभ दिली. घरट्यासाठी कोळ्याचे जाळे दोघेही वापरतात. मात्र तिकडे पिलांचे सारे मादीलाच निस्तरावे लागते. इकडे घरटे बांधणे आणि अंडी उबवणे मादीकडे असले, तरी पिलांना भरवायला नर येतो.

हे वाचून मान वर केली, तर आमच्या ओसरीवरच्या तारेला शिंजिराचे घरटे लोंबत होते. किती दिवस होते कोण जाणे! कानाला भारदस्त वाटले म्हणून मी परक्या पक्ष्याचे नाव उसने आणले आणि डोक्यावरचा शेजारी मला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी चूक कबूल केली. म्हणालो, "दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करीन."

आठ दिवसांनी तो हात वर आला.

"गुरुजी, दुसरी आवृत्ती निघेल?"

या वेळी मी तिला खाली बसवले नाही. पण उत्तरही देता आले नाही.