डाख

जमिनीतलं सोनं शोधायच्या माझ्या डिटेक्टरची केबल कॉइलमध्ये जिथं शिरते, त्या जागेला मी कॉइलची मान म्हणतो. मानेपासून बोटभर वर केबलीला एक जाडसर उंचवटा आहे. काळ्या नळीखाली तिथं एका माणसानं दिलेला डाख आहे, आणि तो माणूस आता नाही.

आमचं घर विट्याजवळचं. खानापूर-आटपाडी भागातल्या असंख्य घरांसारखं गलाईवर, म्हणजे सोनं गाळण्याच्या धंद्यावर, जगलेलं. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, त्रिचूरच्या एका गल्लीत तीस वर्षं भट्टीपुढं बसून लोकांचं सोनं शुद्ध केलं. सोनारांच्या दुकानांतली माती धुऊन त्यातला कण वेचणारे झारेकरी मी लहानपणी पाहिले होते. म्हणूनच ऑस्ट्रेलियात बेंडिगोला आलो आणि लोक जंगलात मशीन फिरवून सोनं शोधतात असं ऐकलं, तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही. झारेकरीच ते, फक्त माती मोठी.

आणि ती माती खरोखर मोठी आहे. बेंडिगो ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तिथं 1851 साली सोनं सापडलं आणि जगभरची माणसं तिकडं धावली. 1869 मध्ये मोलियागुलला झाडाच्या मुळाशी, जमिनीच्या अगदी वरच्या थरात जो गोळा निघाला, तो पेलेल असा तराजू जवळच्या डनॉली गावात नव्हता. ऐरणीवर त्याचे तुकडे करावे लागले. किंगोवरचा 27 किलोंचा गोळा तर 1980 सालचा, आणि तो डिटेक्टरनंच सापडलेला. आजही सरकारी परवाना काढून कुणीही शोधायला जाऊ शकतं.

2013 साली माझी नोकरी सुटली. घरभाडं डोक्यावर, मुलगी दीड वर्षाची. हौसेनं घेतलेलं जुनं डिटेक्टर घरात होतं, ते उचलून मी रोज जंगलात जाऊ लागलो. महिनाभर मशीन चिवचिवत राहिलं. चिवचिव झाली की खणायचं, खड्डा रिकामा निघाला की बुजवायचं. तिथली लाल माती लोहानं भरलेली असते, ती मशीनला फसवते असं ऐकलं होतं. मी मातीला दोष देत राहिलो. दुकानात विचारलं तेव्हा नवी कॉइल घ्या म्हणाले. कित्येकशे डॉलरची गोष्ट. माझ्याकडं पेट्रोलपुरते पैसे होते.

एके दुपारी जवळच आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर बसून चहा पिणारे एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ माझं मशीन ऐकत होते. तिथल्या रीतीप्रमाणं पुढं मी त्यांना नावानं हाक मारू लागलो, पण मनात ते काकाच होते. ते उठून आले आणि म्हणाले, ‘‘माती एकाच जागी दोन वेगळे आवाज काढत नाही. माती बोलत नाहीये, तुझी केबल बोलतेय.’’

त्यांनी कॉइल एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवली, अजिबात हलू दिली नाही. मग वैद्यानं नाडी धरावी तशी केबल अंगठा आणि बोटात धरून ते तिला इंच-इंच वाकवत गेले. वरच्या टोकापासून खाली येईपर्यंत सगळं शांत. मानेपासून बोटभर वर आले आणि मशीन किंचाळलं. केबलीला कॉइलपाशी थोडी सैल जागा ठेवायची असते, म्हणजे कॉइल वर-खाली कलताना ताण पडत नाही. मी ती दांड्याला कचकचून गुंडाळली होती. प्रत्येक झोक्याला ती त्याच जागी मोडत होती. चूक माझीच.

संध्याकाळी ते मला आपल्या शेडमध्ये घेऊन गेले. त्या दोन तासांतलं मला सगळं आठवतं. अशी कॉइल सेकंदाला शेकडो-हजारो वेळा जमिनीत विजेचा ठोका सोडते आणि प्रत्येक ठोक्यानंतर धातूकडून परतणारा क्षीण पडसाद टिपते. माझ्या केबलीत तारांची एक जोडी ठोका नेणारी होती, दुसरी पडसाद आणणारी, आणि त्यांना बाहेरच्या गोंगाटापासून राखायला तांब्याची विणलेली जाळी. त्यांनी वरचं रबर उकललं तेव्हा जाळीच्या अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या दिसल्या. ‘‘हे आणखी खाली, कॉइलच्या रेझिनच्या आत तुटलं असतं तर मलाही काही करता आलं नसतं,’’ ते म्हणाले. खराब झालेला चार सेंटिमीटरचा तुकडा त्यांनी कापला. एवढं चालतं, पण हातभर कापली तर यंत्राचा मेळ बिघडतो.

डाख देण्याआधी त्यांनी आकसणाऱ्या नळीचे तुकडे केबलीत ओवून बाजूला सरकवले. हे आधी केलं नाही तर सगळा जोड पुन्हा सोडवावा लागतो. तारा त्यांनी सरळ रेषेत जोडल्या नाहीत. एक जोड इथं, दुसरा त्याच्या थोडा पुढं, पायरी-पायरीनं, म्हणजे जोड एकमेकांना भिडत नाहीत आणि केबल एकाच जागी फुगत नाही. तारेला रोझिन लावताना मला तात्या आठवले, सोन्याला डाख देण्याआधी सवागी लावणारे सोनार आठवले. काकांच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न तारेवर दोन-तीन सेकंदच टेकायचं, नाहीतर आतलं आवरण वितळतं. जाळी पुन्हा गुंडाळली, नळ्या गरम हवेनं आकसवल्या, मल्टिमीटरनं एकेक तार तपासली. मग केबल मला वाकवायला लावली. मशीन गप्प होतं.

मी पैसे विचारले. त्यांनी चहा विचारला.

तीन आठवड्यांनी टार्नागुलाच्या बाजूला मला सव्वादोन ग्रॅमचा पहिला खडा मिळाला. भाडं त्यातून भागलं नाही आणि मी तो विकलाही नाही. पण त्या हिवाळ्यात सकाळी उठून घराबाहेर पडायला मला कारण मिळालं. काकांचं माझ्यावरचं ऋण हे आहे, आणि ते मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही.

2016 साली तात्या आले, पिशवीत कसोटीचा दगड घेऊन. काकांच्या शेडमध्ये दोघं समोरासमोर बसले. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. तात्यांनी खडा दगडावर घासला, रेघ उजेडाकडं धरली, आम्लाचा थेंब टाकला. रेघ हलली नाही. व्हिक्टोरियाचं सोनं मुळातच खूप शुद्ध असतं. ‘‘आरं, हे गाळायचं काय? भट्टी न लावता एवढं चोख?’’ तात्या म्हणाले. मग त्यांनी माझी केबल हातात घेतली, जोडावरून अंगठा फिरवला. ‘‘ह्या माणसाचा हात सोनाराचा हाय. सांग त्यास्नी.’’ मी सांगितलं. काका कितीतरी वेळ आपल्या हातांकडं बघत राहिले.

2019 मध्ये काका गेले. त्यांच्या पत्नीनं मला एक पत्र्याचा डबा दिला. त्यात रोझिनची डबी, नळ्यांचे कापलेले तुकडे आणि ते जुनं सोल्डरिंग आयर्न होतं. तेव्हापासून मी अकरा कॉइल दुरुस्त केल्या. आणखी एकीची केबल रेझिनच्या आतच तुटली होती, ती मला जमली नाही. पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत.

बेंडिगो, बॅलरॅट, मेलबर्नकडं आता बरीच मराठी मंडळी हौसेनं डिटेक्टर घेतात. कॉइल चिवचिवायला लागली तर मातीला दोष देण्याआधी केबल बोटांनी वाकवून बघा. आणि मानेपाशी ती तुटलेली निघाली तर कॉइल फेकू नका. माझ्याकडं घेऊन या. येताना मशीनही आणा, कॉइल जोडून ऐकल्याशिवाय दोष सापडत नाही.