निघण्यापूर्वीची वही

सोलापुरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे विस्मरण होणे शक्य नाही. १० ऑक्टोबर १९१० रोजी आपल्याच शहरात त्यांचा जन्म झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी १९३८ च्या सप्टेंबरमध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले, त्यात ते होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच त्यांचे निधन झाले. पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी नेमाने दैनंदिनी लिहिली होती. पुढे तिच्यावरूनच त्या मोहिमेचे पुस्तक सिद्ध झाले. दूरदेशी निघालेल्या माणसाच्या हातातील वहीचे मोल यावरून कळते.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसोबत दक्षिण सुदानला निघालेला आमच्या जिल्ह्यातील एक जवान आईला दाखवण्यासाठी दवाखान्यात आला, तेव्हा त्याच्याही हातात वही होती. पहिल्या पानांवर पीतज्वराची लस, हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या, सामानाची यादी असा मजकूर होता. मागील बाजूस मात्र त्याने स्वतःसाठी काही लिहिले होते. ते त्याने दाखवले नाही, मीही विचारले नाही. एवढेच तो म्हणाला, “घरी बोलता येत नाही ते इथे लिहितो. मग झोप लागते.”

तो गेल्यावर दोन महिन्यांत आईची तक्रार सुरू झाली : रात्री दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड. “लेकाची काळजी, दुसरं काय, दाक्तर!” असे तिने स्वतःच निदान केले होते. काळजी होतीच, पण नवऱ्याचे पाहून सुनेनेही एक वही घातली होती. औषध, जेवण, साखर आणि फोन, प्रत्येकाची वेळ तीत नोंदलेली. ती चाळताना उलगडा झाला. दक्षिण सुदानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. त्याच्या सायंकाळी साडेसातला इकडे रात्रीचे अकरा वाजतात. मधुमेहाची गोळी आठ वाजता घेतली जाई आणि जेवणाचे ताट फोन येईपर्यंत झाकून ठेवले जाई. “आत्याबाई, आधी जेवून घ्या,” हे सुनेचे आर्जव व्यर्थ जाई. काळजीच्या नावाखाली रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरत होती. वयोवृद्धांत अशी घसरण पडण्याला, बेशुद्धीला कारणीभूत होऊ शकते. ‘ताट समोर आल्याखेरीज गोळी नाही’ असा नियम ठरला, आणि मुलानेही फोनची वेळ आपल्या दुपारवर आणली. घाम आणि कंप थांबले. काळजी मात्र राहिली. तिच्यावर माझ्याकडे गोळी नाही.

त्या काळजीसाठी वहीची दुसरी बाजू उपयोगी पडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनातील दुखऱ्या अनुभवांविषयी लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच थोडे उदास वाटले. पुढील महिन्यांत मात्र त्यांचे आरोग्यकेंद्रात जाणे इतरांपेक्षा कमी झाले. हा रामबाण उपाय नव्हे. लिहून मन अधिकच बिघडत असेल, झोप आणि भूक सातत्याने उडाली असेल, तर वही मिटून डॉक्टरांना भेटणेच इष्ट.

वाचकहो, घरातील कोणी दूर गेले असेल वा कोणाची शुश्रूषा आपल्यावर असेल, तर एक साधी वही करावी. पुढील पानांवर औषध, जेवण, झोप यांच्या वेळा लिहाव्यात. तपासणीला येताना ती अवश्य आणावी. मागील पाने आपली स्वतःची. अक्षर थरथरत असेल तर नातवंडाला सांगून लिहवून घ्यावे. आणि शुश्रूषा करणाऱ्यांनी रुग्णाच्या नोंदीखाली दररोज एक ओळ स्वतःविषयी लिहावी : आज मी वेळेवर जेवले का, मला झोप लागली का? त्या सुनेच्या वहीत सासूबाईंची प्रत्येक वेळ होती. तिच्या स्वतःच्या जेवणाची नोंद मात्र एकाही पानावर नव्हती.