कंस मिटताना

शेवटचा कंस मिटला की वर कुठेतरी, चारसहा ओळींपलीकडे, त्याचा जोडीदार क्षणभर उजळतो. एडिटरमधली ही लुकलुक मला इतकी आवडते की कधी कधी काही लिहायचं नसतानाही मी कर्सर नुसता त्या कंसांच्या रांगेवरून मागेपुढे नेत बसते. एकेका कंसाला वरून ओ येते; जवळच्याला जवळून, दूरच्याला दुरून, आणि अगदी टोकाच्याला थेट पहिल्या ओळीतून.

लोक लिस्पला हसतात ते या कंसांवरूनच. हसोत बापडे. मला त्यांच्यामागून खडूचा वास येतो, वर्गाने एका सुरात घोकलेलं 'कंचेभागुबेव' ऐकू येतं, आणि आधी आतला कंस सोडवा म्हणत फळ्यावर बोट टेकवणाऱ्या बाई दिसतात. लिस्पमध्ये त्या मंत्रातला फक्त 'कं' उरतो. भागाकार आधी की बेरीज, हा तंटाच नाही. आतल्याचं उत्तर हाती आलं की बाहेरच्याने पुढे व्हायचं. किती निवांत कारभार!

1958 साली एमआयटीत जॉन मॅकार्थींनी ही भाषा योजायला घेतली. लिस्पचा अर्थ लिस्पमध्येच सांगणारं 'इव्हॅल' हे फंक्शन त्यांनी मांडलं ते कागदावर, वाचण्यासाठी. स्टीव्ह रसेलने ते उचलून आयबीएम 704 वर चालतं केलं. हा सिद्धान्त आणि व्यवहार यांची गल्लत करतोय, असं मॅकार्थींना आधी वाटलं होतं. अशी गल्लत करणारं माणूस भेटायलाही भाग्य लागतं.

तेच इव्हॅल ब्राउझरच्या एका टॅबसाठी जावास्क्रिप्टमध्ये लिहिताना माझे हात आपोआप संथ होतात. मजकुराचे तुकडे पाडायचे, कंसागणिक एकात एक याद्या रचायच्या, मग एकेकाला विचारत जायचं. तू अंक? तूच तुझं उत्तर. तू नाव? तुझा अर्थ इथे शोधू, नाहीतर बाहेरच्या कंसात. तू यादी? मग पहिला घटक फंक्शन, आणि उरलेल्यांच्या किमती काढून त्याच्या ओंजळीत. 'इफ' आणि 'लॅम्डा' यांच्यासारख्या मानकऱ्यांची तेवढी वेगळी बडदास्त. बस. एवढ्यात एक भाषा उत्तरं देऊ लागते.

जावास्क्रिप्टलाही हे परकं नाही. 1995 मध्ये ब्रेंडन आइक नेटस्केपमध्ये आले ते ब्राउझरमध्ये स्कीम, म्हणजे लिस्पचीच लेक, आणण्याच्या बोलीवर. मग रूप जावासारखं हवं असं ठरलं, आणि दहा दिवसांत महिरपी कंस ल्यालेली वेगळीच भाषा उभी राहिली. पण फंक्शनला मूल्य मानायचं माहेरचं वळण तिने सोडलं नाही. जिथे जन्मलो तिथली नावं स्मरणात ठेवणंही पुढे तिच्या अंगी आलंच. माझा लॅम्डा त्याच वळणावर टेकलेला आहे.

रुसवा एकच. स्कीममध्ये फंक्शनने जाता जाता स्वतःलाच कितीही वेळा हाक मारावी, स्टॅक वाढत नाही. जावास्क्रिप्टच्या 2015 च्या प्रमाणकात ही सोय आली खरी, पण मोठ्या ब्राउझरांपैकी ती सांभाळली एकट्या सफारीने. म्हणून माझं इव्हॅल अशी हाक स्वतः मारत नाही, पुढची हाक कोणती एवढंच सांगून परततं. बाहेरचा लूप ती झेलतो. दहा लाखांपासूनची उलटी मोजणीही मग शून्याला पोचते. मात्र तोवर टॅब थिजलेला असतो, एक क्लिक लागत नाही. अधूनमधून ब्राउझरला उसंत द्यायला हवी. ते अजून लिहायचं राहिलंय.